धान्य वाचवा

९ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेत, ते नेहमीचेच समज. खुशाली विचारण्याइतकी मी आज खुशीत नाही.

तू पाठवलेलं ते पाटीएवढं यंत्र परवा मिळालं. सोबतचं संमतीपत्रही मिळालं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारून पाठवलीस, म्हणजे म्हातारीला शोधायचा त्रास नको. उपकार झाले. फोन न करता पत्र का लिहिते आहे असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडतोस. पत्र फार तर फाडशील, पण तोवर वाचून झालेलं असेल.

माझ्याकडे इंटरनेट नाही, म्हणून यंत्र घेऊन दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. हे डॉक्टर म्हणजे तू इथून गेल्यावर दर रविवारी माझ्यासमोर खेळायला बसतात ते. आपला 'वेढा' हा खेळ पडद्यावर आला या बातमीने ते माझ्याहून हरखले होते. त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं, यंत्र जोडून दिलं आणि आत कुणाची तरी दाढ काढायला गेले.

आपला पट पडद्यावर उमटला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! नोकरीची सगळी वर्षं नकाशा विभागात लोकांच्या हद्दी आणि गटारं काढण्यात गेली. स्वतःच्या मनाने काढलेलं हे एकच शहर. तट, चार बुरूज, विहीर, रंगाऱ्यांची आळी, सगळं जागच्या जागी होतं. नदी मात्र कुणीतरी पोहण्याच्या तलावासारखी निळी केली आहे. तेही मी सोडून दिलं.

मी तटाच्या आत, यंत्र बाहेर. पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्यात धान्य निम्म्यावर आलं आणि कोपऱ्यात एक हिरवं बटण लुकलुकायला लागलं. त्यावर एक कोवळं पान आणि शब्द होते, 'धान्य वाचवा'. मला वाटलं, सैनिकांचा शिधा कमी होत असेल, कोठारातल्या उंदरांचा बंदोबस्त होत असेल. शेजारी गाल सुजलेले एक गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "दाबा की काकू, काही जात नाही."

मी दाबलं. गोड घंटी वाजली. धान्याचा आकडा वर चढला. मी खूश झाले, धाकट्या. खूश होऊन मी पुढची चाल खेळायला गेले, तर रंगाऱ्यांची आळी रिकामी. विहिरीपाशी कुणी नाही. बाजारात कुणी नाही. मी डॉक्टरांना हाक मारली, ते हातात चिमटा घेऊनच बाहेर आले. मी म्हटलं, "माणसं कुठे गेली हो?" त्यांनी चष्मा सरकवून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली: 'अनुत्पादक लोकसंख्या कमी करण्यात आली आहे.'

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर बसून कळलं. म्हणजे त्यांना मी बाहेर काढलं! म्हाताऱ्या, पोरं, लंगडी, जुळे, सगळ्यांना. एका बोटाने. आणि मला पत्ताही नाही.

तुला आठवण करून द्यायची वेळ यावी याचंच नवल वाटतं. खऱ्या वेढ्यात त्या सरदाराने धान्य पुरावं म्हणून न लढणारी माणसं दरवाज्याबाहेर काढली. बाहेरच्या सैन्याने त्यांना वाट दिली नाही. तट आणि खंदक यांच्यामधल्या पट्टीत ती माणसं हिवाळाभर राहिली, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्याकडे बघत राहिले. हे तू एकोणिसाव्या वर्षी कुठल्याशा इतिहासाच्या पुस्तकात वाचलंस आणि दोन दिवस जेवला नाहीस. मग आपण मोडक्या खुर्चीचे पाय कापून त्या माणसांच्या करड्या सोंगट्या केल्या. आणि तू नियम केलास. आतल्याने बाहेर काढायची सोंगटी स्वतःच्या बोटांनी उचलायची आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायची. समोरच्याने तिच्याकडे बघून, तोंडाने, 'घेतली' किंवा 'नाही' म्हणायचं. 'नाही' म्हटलं की ती पट्टीत राहणार, खेळ संपेपर्यंत, दोघांच्या डोळ्यांसमोर.

मी विरोध केला होता. मी म्हणाले होते, खेळ रेंगाळेल, लोक कंटाळतील. तू टेबलावर हात आपटून म्हणालास, "रेंगाळू दे ताई! एकेकाला उचलायला लागलंच पाहिजे."

नियम तुझा होता रे. माझा असता तर तू मोडल्याचं मला एवढं लागलं नसतं.

दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी तू खेळ पडद्यावर आणणाऱ्या त्या कंपनीला 'ताई हो म्हणेल' असं परस्पर सांगून टाकलंस, तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. तुला वाटलं मी मानापमानाला बसले आहे. काल बटण दाबल्यावर मला नीट सांगता येतं की काय बोचलं. माझ्या वतीने कुणीतरी दाबून मोकळं झालं होतं.

सही करणार नाही.

ताई


२४ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर डॉक्टरांच्या फोनवर आलं. चार ओळी. मी दोन पानं लिहावीत आणि तू चार ओळींत बोळवण करावीस, हे तुला लहानपणापासून जमतं.

तू म्हणतोस, नव्या खेळाडूंना तो भाग कंटाळवाणा वाटतो. कंटाळवाणा! धाकट्या, डॉक्टर दिवसभर लोकांच्या जबड्यात हात घालतात, त्यांचं मन काही लोण्याचं नाही. ते पहिल्यांदा आतल्या बाजूने खेळले तेव्हा जुळ्यांची सोंगटी माझ्या हातावर ठेवायला त्यांनी इतका वेळ लावला की मी मधे उठून चहा टाकून आले, तरी ती त्यांच्या चिमटीतच होती. घरी जाताना म्हणाले, "हा खेळ पुन्हा खेळणार नाही." पुढच्या रविवारी दारात उभे. त्यांना विचार कंटाळा आला होता का.

तू म्हणतोस, बटण ऐच्छिक आहे, नको त्याने दाबू नये. हा मानभावीपणा तू कुठे शिकलास? बटणावर 'माणसं बाहेर काढा' असं लिहा, मग ऐच्छिक म्हणा. पान कसलं काढता त्याच्यावर? ज्याला काय दाबतोय तेच ठाऊक नाही त्याची कसली आलीय इच्छा!

आणि वर लिहितोस, "ताई, तुला नवीन काही आवडतच नाही." हे मात्र खपवून घेणार नाही. मी त्या यंत्रावर तीन वेळा खेळले आहे. फासे कपाटाखाली जात नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. तोफेचा पल्ला कुठवर, यावर डॉक्टरांशी होणारं माझं दरवेळचं भांडण मिटलं, हीही चांगली गोष्ट आहे. खेळ अर्धा ठेवून उठावं आणि कुणी पट पुसायच्या नादात उधळून देईल ही धास्ती नाही. दोन गावांतली दोन माणसं समोरासमोर न बसता खेळू शकतात, हे तर मला फारच आवडलं. कुणाशी खेळावं हे मात्र सुचेना. यंत्राशी माझं वैर नाही. ज्याने ते पान काढलं त्याच्याशी आहे.

माझी सही नसेल तर सगळं बारगळेल, चिमणीची दीड वर्षाची मेहनत पाण्यात जाईल, असंही तू शेवटी लिहिलंस. तुझी लेक त्या कंपनीत आहे आणि आपला खेळ पडद्यावर तिनेच बसवला आहे, हे मी विसरलेले नाही. तुझं नावही इतक्या वर्षांनी लोकांसमोर येणार आहे, तेही मला कळतं. खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठे मोजत तू पन्नाशी ओलांडलीस. तुला हे मिळावं असं माझ्याइतकं कुणाला वाटणार? म्हणूनच संताप होतो. मिळवायचं ते नेमकं हे मोडून?

चिमणीला माझी समजूत घालायला पाठवतोस म्हणे. पाठव. स्वतः यायची हिंमत नाही तेव्हा पोरीला पुढे करतोस, हेही लिहून ठेवते.

ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी वकील आली, राहिली आणि काल परत गेली. ती कुणाची वकिली करून गेली ते तूच वाच आणि ठरव.

आल्या आल्या तिने मला कागदपत्रं दाखवायला काढली. मी म्हटलं, आधी पट. ती म्हणाली, "आत्या, मला हा खेळ पाठ आहे. दीड वर्षं दुसरं काय केलंय मी?" मी विचारलं, "लाकडावर किती वेळा खेळलीस?" एकदाही नाही! तू तिला नियमांचे कागद दिलेस आणि पट माझ्याकडे राहिला. तिने सगळं शहर उभं केलं ते फोटोंवरून.

जेवणाच्या टेबलावर पट मांडला. रविवार होता, डॉक्टर पंच म्हणून बसले. ती आत, मी बाहेर. पोरगी हुशार खेळते. तुझ्यासारखी उतावीळ नाही. पण मी नदीकडची वाट लवकर बंद केली, आणि दुसऱ्या हंगामात तिचं कोठार खडखडलं. तिने जरा हिशेब केला आणि म्हणाली, "ठीक आहे. बाहेर काढते." पडद्यावर शंभर वेळा बघितलेलं, त्यामुळे आवाजात काही नव्हतं.

पहिली हाताला लागली ती लंगडी.

"हिला लंगडी का म्हणता?"

"तुझ्या बापाने करवत तिरकी चालवली म्हणून."

ती हसली आणि सोंगटी माझ्या तळहातावर ठेवली. मी बघितलं आणि म्हटलं, "नाही." तिने ती पट्टीत ठेवली. मग टोपीवाला. "नाही." मग तो बहिरा शिंपी, बुडाला मेण लागल्यामुळे हाक मारली तरी जागचा हलत नाही तो. त्याला नखाने सोडवावं लागलं. "नाही." मग जुळे आले, मधोमध चीर गेलेले. चिमणीचा हात माझ्या हाताच्या वर थांबला.

"आत्या, तू एकालाही घेणार नाहीस?"

"घेतले तर मला खायला घालावं लागेल. मग वेढा मलाच उठवावा लागेल. मी जिंकायला बसले आहे."

"कमाल आहे तुझी! बाबांना पानंच्या पानं झापतेस ती याच लोकांसाठी ना?"

"झापते. आणि 'नाही'सुद्धा म्हणते. पण बघून म्हणते, माझ्या तोंडाने म्हणते. आण इकडे जुळे."

तिने दिले. मी 'नाही' म्हटलं. धाकट्या, तुझ्या लेकीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तशी नजर मला या घरात कुणी दिली नव्हती. मग तिने पुढची चाल सोडून दिली, पट्टीकडे बघत बसली, आणि एकदम म्हणाली, "मी दरवाजा उघडते. परत आत घेते सगळ्यांना."

मी म्हटलं, "असा नियम नाही."

"घेता येत नाही, असं कुठे लिहिलंय?"

"खऱ्या वेढ्यात दरवाजा उघडला नव्हता."

"मग?"

डॉक्टरांनी नियमांचे कागद पुढून मागून चाळले. परत घ्यायचं नाही असं कुठेही नव्हतं. घ्यावं असंही नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे. शेवटी म्हणाले, "ताई, जे झालं तेच व्हायचं असेल तर माणसाने इतिहास वाचावा, खेळायला कशाला बसावं?"

इतकी वर्षं! तू, मी, डॉक्टर, ज्यांनी ज्यांनी आपल्या खेळाचा खोका विकत घेतला ते सगळे. माणसं बाहेर काढून पट्टीत ठेवली, हळहळलो, हात धुतले आणि पुढची चाल खेळलो. दरवाजा उघडून परत घ्यावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला इतका राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. मग डॉक्टरांवर काढला. पंच असून नियम पाठ नाहीत म्हणून त्यांना बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

चिमणीने सगळ्यांना परत आत नेलं. पुन्हा एकेकाला बोटांनी उचलून. हिवाळा संपायच्या आत तिची उपासमार झाली आणि ती हरली, सपशेल हरली. आणि वर माझ्या हातची भाकरी खात म्हणते, "मजा आली."

दुसऱ्या दिवशी ती करड्या सोंगट्या घेऊन खिडकीशी बसली. पडद्यावर सगळ्या एकसारख्या छापल्या होत्या म्हणे, त्याची तिला लाज वाटली. एकेकीचा फोटो काढला, मला नावं विचारली, आणि प्रत्येक सोंगटी यंत्रात वेगळी घातली. आहेत तितकी माणसं, तितक्या नोंदी. संध्याकाळपर्यंत चाललं होतं. मी तिला चहा देत होते आणि नावं सांगत होते. तुझी फार आठवण आली, हे कबूल करायला मला काही कमीपणा नाही.

आता माझं म्हणणं ऐक. बटण जाईल. ज्याला माणूस बाहेर काढायचा असेल तो त्या माणसावर बोट धरून त्याला दरवाज्यापर्यंत नेईल, समोरचा 'घेतली' की 'नाही' ते सांगेल. आणि दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडेल. एवढं करा, मी तुझ्या त्या फुलीवर सही करते. चिमणी म्हणाली, आठवड्याचं काम आहे.

ताई


१२ मार्च

धाकट्या,

तुमच्या कंपनीच्या साहेबांचं पत्र आलं. खाली त्यांची सही, शेजारी तुझी. तुझी सही मी ओळखते, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची म्हणून तूच करायचास.

"आपल्या भावनांचा आदर राखून वादग्रस्त बटण काढून टाकण्यात आले आहे." वाचून मी खुर्चीत सावरून बसले. पुढचं वाक्य: "तसेच नागरी लोकसंख्या हा घटक खेळातून पूर्णपणे वगळण्यात आला आहे. त्यामुळे आपल्या आक्षेपाचे कारण उरत नाही."

आक्षेपाचं कारण उरत नाही! कुणाला बाहेर काढायला नको म्हणून आत कुणी ठेवलंच नाही. काय डोकं आहे! डोकेदुखीवर मुंडकं उडवणारा वैद्य असावा तसं डोकं आहे.

नवीन खेळ मी दवाखान्यात उघडून बघितला. फक्त पहिला पडदा बघितला, पुढे बघवेना. रंगाऱ्यांची आळी आहे, रंगारी नाहीत. विहीर आहे, पाणी भरायला कुणी नाही. बाजार आहे, दुकानांच्या फळ्या उघड्या, आणि आत चिटपाखरू नाही. तटावर मात्र सैनिक उभे, छातीला ढाल लावून. कशाची राखण करताहेत ते? माझ्या रंगवलेल्या भिंतींची?

त्या सरदाराला शहर रिकामं करायला एक हिवाळा लागला होता. तुम्ही आठवड्यात केलंत, आणि माझ्या नावावर केलंत. 'आपल्या भावनांचा आदर राखून.' उद्या कुणी विचारलं तर सांगाल, ताईंचाच आग्रह होता!

साहेबांचं मी समजू शकते. त्यांना माल विकायचा आहे, करड्या सोंगट्यांशी त्यांचं काय नातं? पण तू खाली सही केलीस. 'अनुत्पादक' हा शब्द वाचून तू हूं की चूं केलं नाहीस. ज्या पोराने टेबलावर हात आपटला होता त्याला कुठल्या खोक्यात घालून बंद केलंस? मूग गिळून बसायचं आणि सही करायची, एवढंच तुझं काम उरलंय का तिथे? सल्लागार म्हणतात ना तुला? मग काय सल्ला दिलास?

संमतीपत्र सोबत परत पाठवते आहे. तुझी पेन्सिलची फुली खोडली आहे. पुन्हा मारू नकोस.

ताई


१३ मार्च

धाकट्या,

कालचं पत्र तुझ्या हाती पडायच्या आधी हे पडावं म्हणून माणसाकरवी पाठवते आहे. आधी हे वाच. ते नंतर वाचलंस तरी चालेल, त्यातला शब्दही मी मागे घेत नाही.

काल रात्रीच्या जेवणाआधी डॉक्टर यंत्र काखेत मारून धापा टाकत जिना चढून आले. दोन पेशंटच्या मधल्या वेळात तो तुमचा रिकामा खेळ ते खेळून बघत होते, आणि तिसऱ्या हंगामात तोफेचा गोळा रंगाऱ्यांच्या आळीत पडला, छप्पर उडालं, तर आत करडं काहीतरी दिसलं. मला म्हणाले, "ताई, आत माणसं आहेत." मी बघितलं. पाच जण, भिंतीला लागून उभे. लंगडी, टोपीवाला, बहिरा शिंपी, जुळे, आणि ती बिननावाची बुटकी, जी तू सगळ्यांच्या शेवटी उरलेल्या तुकड्यातून केली होतीस.

मला आधी आनंद झाला, पण दुष्ट आनंद. म्हटलं, पूर्णपणे वगळलंय म्हणे! यांना धड वगळताही येत नाही. डॉक्टरांच्या फोनवरून चिमणीला लावला आणि झापायला सुरुवात केली, की असलं अर्धवट काम करून माझी सही मागता? पोरीने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "आत्या, ते मी केलेलं नाही."

मी म्हटलं, "मग कुणी केलं?"

"मी साहेबांना सांगितलं, मी यांना हात लावणार नाही, दुसरं कुणी बघा. बाबा बाजूलाच उभे होते. म्हणाले, ऊठ, मी करतो."

ते सगळं तिने मला सांगितलं. तू तिच्या खुर्चीत बसलास. चष्मा कपाळावर, एका बोटाने. तिने त्या खिडकीशी बसून प्रत्येक सोंगटी वेगळी घातली होती, म्हणून प्रत्येक वेगळी काढावी लागत होती. आणि दरवेळी यंत्र नाव घेऊन विचारत होतं, 'हिला काढून टाकायचं? खात्री आहे?' मी चिमणीला विचारलं, "एकदम काढायची सोय नव्हती का?" ती म्हणाली, "होती. मी सांगितली नाही."

दुपार गेली म्हणे त्यात. तू 'हो' म्हणत गेलास. आधी भरभर, मग हळूहळू. मग हे पाच उरले. लंगडीचं नाव पडद्यावर आलं आणि तू उठून पाणी प्यायला गेलास. परत आलास, बसलास, पुन्हा उठलास. मग कोट चढवलास आणि साहेबांना जाऊन सांगितलंस, झालं.

हे ऐकून मला पहिल्यांदा तुझा संतापच आला. बाकीच्या सगळ्यांना तू 'हो' म्हणालास! त्यांची नावं तुला वाचता येत होती. विहिरीवरची म्हातारी, पाववाला, ती दोन पोरं ज्यांना आपण रंग द्यायचा विसरलो, सगळ्यांना नाव वाचून वाचून 'हो' म्हणालास, नोकरीपायी, की साहेबांच्या धाकाने, की चिमणीचं काम वाया जाऊ नये म्हणून, मला कारण ऐकायचं नाही. आणि मग साहेबांशी खोटं बोललास, माझ्याशी खोटं बोललास, सही करून पत्र पाठवलंस. पाच माणसं आळीत लपवून ठेवलीस आणि एका शब्दाने मला सांगितलं नाहीस. घरातल्या माणसालासुद्धा नाही!

डॉक्टर गेल्यावर मी टेबलाशी बसून रडले. रागाने रडले म्हण. तसं म्हटलं तरी ते खरंच आहे.

आता रडून झालं, तेव्हा कामाचं सांगते. चिमणीला मी खोदून खोदून विचारलं. ती म्हणते, यंत्रातून काढलेलं लगेच नाहीसं होत नाही, महिनाभर बाजूला पडून राहतं, आणि तोवर परत आणता येतं. परत आणायचं तरी एकेकाला नाव घेऊनच आणावं लागतं, हेही मी विचारून घेतलं. एकदम आणायची सोय असली तर ती तुला सांगायची नाही, असं तिला बजावलं आहे.

साहेब ओरडतील. ओरडू देत. त्यांना सांग, खेळ दोघा भावंडांचा आहे आणि दोघांचीही संमती माणसांसकट आहे, माणसांशिवाय नाही. दरवाजाही चिमणी सांगते तसा उघडला पाहिजे. एवढं मान्य असेल तर मी त्याच दिवशी सही करते. नसेल मान्य तर खेळ बाहेर येणार नाही. तुझं नाव लोकांना कळणार नाही, चिमणीला दुसरं काम शोधावं लागेल. तिला विचारलं, ती म्हणाली शोधीन. मी तुम्हा दोघांचं नुकसान करते आहे हे मला माहीत आहे, आणि ते मी डोळे उघडे ठेवून करते आहे.

तू मात्र साहेबांच्या उत्तराची वाट बघत बसू नकोस. ते हो म्हणोत, नाही म्हणोत, तुझं काम ठरलेलं आहे. उद्या सकाळी चिमणीच्या खुर्चीत जाऊन बस. वेळ लागेल तो लागू दे. ते पाच आतच आहेत, त्यांची काळजी करू नकोस. जिला सगळ्यांत आधी 'हो' म्हणालास, तिच्यापासून सुरुवात कर.

ताई